बंदुकीला आधी पाणी, मग तेल
लेखमाला : बंदुकीचं अंतरंग — लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण नळीच्या आतल्या आट्यांविषयी बोललो. गोळीला फिरकी देणाऱ्या त्या खाचांची खोली मिलिमीटरच्या दशांशात मोजावी लागते, हे वाचून अनेकांना नवल वाटलं असेल. एवढ्या नाजूक खाचा खराब कशानं होतात, हा आजचा विषय. बहुतेकांचा समज असा की, गोळ्या झाडून झाडून नळी झिजते. ती झिजते, हे खरं. पण साध्या घरगुती किंवा पोलिसी बंदुकीची नळी झिजून निकामी व्हायला आयुष्य जातं. तीच नळी गंजून निकामी व्हायला एक पावसाळा पुरतो. बंदुकीचं नुकसान बार उडताना फारसं होत नाही. ती खुंटीवर टांगल्यानंतर, सगळं शांत झाल्यावर होतं.

कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात मी पहिल्यांदा थ्री नॉट थ्री चालवली. पाच गोळ्या झाडून खांदा चोळत आम्ही उठलो आणि आजचं काम झालं असं समजलो. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांच्या लेखी ते तेव्हा कुठे सुरू झालं होतं. तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं. त्यांनी रायफलचा बोल्ट काढला, मागच्या बाजूनं नरसाळं लावलं आणि ते उकळतं पाणी सरळ नळीत ओतलं. लोखंडाला पाण्यापासून जपायचं, एवढं तर आम्ही घरी विळी-कोयत्यापासून शिकलो होतो. इथे खुद्द उस्तादच पाणी ओतत होते! विचारलं, तर त्यांनी एवढंच सांगितलं की, आत मीठ आहे आणि मीठ तेलानं निघत नाही. मग पुलथ्रूच्या दोरीला चिंदी लावून ओढायला लावलं. चिंदी काळी, मग राखाडी, मग पिवळट आणि शेवटी पांढरी आली. त्यानंतरच तेलाची चिंदी मिळाली.

ते मीठ कुठून आलं, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

आधी जुन्या काळ्या दारूकडे जाऊ. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण. साधारण पंचाहत्तर, पंधरा आणि दहा असं प्रमाण. ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. तो धूर म्हणून बाहेर पडतो, नाहीतर काळी खरपुडी होऊन नळीला चिकटतो. या खरपुडीत पोटॅशिअमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणून ठासणीची बंदूक चार-सहा बारांनंतर भरायला जड जाते, गज अडतो. 1857 च्या उठावाच्या वेळच्या एन्फिल्ड रायफलच्या काडतुसाला चरबी का लावावी लागली, याचं एक उत्तर इथेच आहे. आट्यांच्या नळीत तोंडाकडून गोळी सरकवायची, तर ती खरपुडी मऊ राहिली पाहिजे. त्यासाठी वंगण हवं. ते वंगण कशाचं, यावरून पुढे जे पेटलं तो इतिहास आपण जाणतोच. पण त्याच्या मुळाशी नळीतली घाण होती, हे आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं.

1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूर न करणारी दारू तयार केली आणि सैन्यांना वाटलं, आता सुटलो. नळ्या काळ्या होईनात. तरीही त्या गंजत राहिल्या. तेल लावून ठेवलेली चकचकीत नळी आठवड्याभरानं पाहावी, तर आत तांबूस ठिपके. वर्षानुवर्षं दोष दारूला दिला गेला. खरा गुन्हेगार काडतुसाच्या बुडाशी, टोपीत बसला होता. घोडा पडल्यावर पहिली ठिणगी देणाऱ्या त्या टोपीच्या मसाल्यात पोटॅशिअम क्लोरेट असे. ते जळलं की मागे उरतं पोटॅशिअम क्लोराइड, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधले विल्बर्ट हफ यांनी 1922 मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिलं. त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळी तेलाच्या थराखाली लोखंड कसं गंजतं, हा होता.

या मुद्द्यावर थोडं थांबतो. आपण तेल लावतो ते हवा आणि ओल यांना लोखंडापासून दूर ठेवण्यासाठी. पण मिठाचे कण आधीच लोखंडाला बिलगलेले असतील, तर तेल त्यांना विरघळवू शकत नाही. ते फक्त त्यांच्यावर पांघरूण घालतं. हवेतला दमटपणा वाढला की मीठ ओल खेचून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथे नळीत होतं. त्या खारट ओलीत लोखंड आतल्या आत खाल्लं जातं आणि वरून तेलाची चकाकी पाहून मालक निर्धास्त असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, मग खडखडीत कोरडं करणं, मग तेल. उकळतं पाणी एवढ्यासाठी की त्यात मीठ चटकन विरघळतं आणि नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. आमच्या उस्तादांनी हफ यांचं नावही ऐकलं नसेल. पण त्यांची कृती शास्त्राला धरून होती आणि ती त्यांच्यापर्यंत शिपायांच्या पिढ्यांमधून पोचली होती.

1920 च्या दशकाच्या अखेरीपासून क्षार न सोडणाऱ्या टोप्या बाजारात आल्या आणि आज नव्या कारखानी काडतुसांत बहुतेक त्याच असतात. त्यांच्यासाठी पाण्याची गरज नाही. काजळी, शिसं आणि तांब्याचा लेप काढणारं द्रावण आणि ब्रश पुरतो. ठासणीच्या बंदुकीला आणि जुन्या लष्करी काडतुसांना मात्र आजही पाणीच लागतं.

आता या सगळ्यातल्या सर्वांत दुःखद प्रकरणाकडे येऊ.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं एम-सोळा ही रायफल उतरवली. यूजीन स्टोनर यांच्या मूळ रचनेवरची ही हलकी, अचूक बंदूक. तिच्यात नळीतला वायू एका बारीक नळकांडीतून थेट मागे बोल्टच्या पेटीत येतो आणि पुढची गोळी भरण्याचं काम करतो. रचना सुबक आहे, पण काजळीही त्याच वाटेनं थेट यंत्राच्या पोटात येते. ज्या दारूवर या बंदुकीची घडी बसवली होती ती 1964 नंतर बदलली गेली. नव्या दारूनं गोळ्या झाडण्याचा वेग वाढवला, यंत्रावरचा ताण वाढवला आणि तिच्यातल्या कॅल्शिअम कार्बोनेटचा थर साचू लागला. शिवाय गोळी जिथे बसते त्या चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबरला बारीक खड्डे पडत, झाडलेल्या गोळीचं पितळी खोकं फुगून त्या खड्ड्यांत अडकून बसे आणि ओढणाऱ्या आकड्याला ते बाहेर काढता येत नसे.

या सगळ्यावर कळस म्हणजे, या बंदुकीला साफसफाई फारशी लागत नाही, असा समज पसरला होता. हजारो जवानांकडे सफाईचा संच नव्हता, गज नव्हता, शिकवणूक तर नव्हतीच. अडकलेलं खोकं काढायचं, तर नळीच्या तोंडातून गज घालून ते ठोकून काढावं लागतं. एका तुकडीत एखाद्याकडेच गज असेल, तर गोळीबार चालू असताना तो हातोहात फिरवायचा! 1967 च्या वसंतात खे सान्हजवळच्या टेकड्यांवर मरीन जवान लढले. नवी रायफल त्यांच्या हाती येऊन फार दिवस झाले नव्हते. त्या लढाईतून वाचलेल्या एका जवानानं घरी लिहिलं की, आमचे बहुतेक मृत सोबती उघडलेल्या रायफलशेजारी सापडले. ते ती दुरुस्त करू पाहत होते. हे पत्र अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोचलं. रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीनं त्याच वर्षी चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर अतिशय कठोर ठपका ठेवला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की, आधी ठपका जवानांवरच आला होता: बंदूक ठीक आहे, पोरं ती साफ ठेवत नाहीत. अर्धसत्य किती क्रूर असू शकतं, ते इथे दिसतं. साफसफाई हवीच होती. पण ज्याला साधन दिलं नाही, शिकवलं नाही, त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. बंदुकीची निगा राखण्याची जबाबदारी ती हातात देणाऱ्यापासून सुरू होते.

सुधारणा झाल्या. चेंबरला क्रोमचा मुलामा आला, पुढे सगळ्या नळीला आला, सफाईचे संच पोचले. आणि 1968 मध्ये लष्करानं एक वेगळी गोष्ट केली. ‘द स्पिरिट’ या चित्रकथेचे जनक विल आयस्नर यांच्याकडून त्यांनी एम-सोळाच्या निगराणीची रंगीत चित्रपुस्तिका काढून घेतली. एकोणीस वर्षांचा दमलेला पोरगा जाडजूड नियमावली उघडणार नाही, पण चित्रकथा वाचेल, हे कुणाला तरी उमगलं होतं. पुस्तिकेत बाईचं चित्र दाखवून बंदुकीशी गोडीगुलाबीनं वागायला सांगण्याची तऱ्हा आज खटकते. तरी गज कुठून घालायचा, तेल कुठे किती आणि कुठे अजिबात नाही, हे इतक्या सोप्या रीतीनं सांगणारं लष्करी प्रकाशन मी दुसरं पाहिलेलं नाही.

चिखल-मातीला दाद न देणारी म्हणून कलाश्निकोव्ह प्रसिद्ध आहे. पण तिच्या नळीखाली गज जन्मापासून लावलेला असतो, दस्त्यात सफाईच्या साहित्याची डबी असते आणि नळी-चेंबरला आतून क्रोम असतो. तिची कीर्ती या तयारीवरही उभी आहे.

आता आपल्या घराकडे. कोकणात, कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यात अजूनही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी किंवा ठासणीची बंदूक असलेली घरं आहेत. रानडुकरं आणि वानरं यांनी हैराण झालेल्या माणसाला ती हवी असते. पण बारा महिन्यांतले अकरा ती कोपऱ्यात असते. अशा बंदुकीची तीन दुखणी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

पहिलं, खोबरेल. घरात हाताशी असतं म्हणून लावतात. खोबरेल थंडीत गोठतं आणि कोणतंही खाण्याचं तेल काळानं चिकट होतं. चाप आणि घोडा यांच्या सांध्यात असा चिकटा बसला की घोडा आळसावतो, बार उशिरा उडतो किंवा उडतच नाही. शिवणयंत्राला जे तेल आपण घालणार नाही, ते बंदुकीला का घालावं? खनिज तेल घ्या, आणि तेही पुसट. आत तेल साचलेलं असताना बार काढणं धोक्याचं; झाडण्याआधी नळी कोरडी पुसायलाच हवी.

दुसरं, म्यान. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत बंदूक जपली जाते असं वाटतं. प्रत्यक्षात ती खोळ ओल धरून बसते. पावसाळ्यात तर बंदूक खोळीबाहेर, कोरड्या कुलूपबंद कपाटातच हवी. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर नेण्याआधी ती साफ करून हलकं तेल लावावं आणि परत आणली त्याच दिवशी पुन्हा उघडून पाहावी. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची दुनळी अशीच काही आठवडे खोळीत पडून राहिली आणि दोन्ही नळ्यांना आतून कायमचे व्रण पडले.

तिसरं दुखणं कुंभारीण. ही माशी कुठलंही बोटभर भोक पाहिलं की त्यात मातीचं घर बांधते आणि टांगलेल्या बंदुकीची नळी तिला फार आवडते. बाहेरून काही कळत नाही. नळीत असा बोळा असताना बार काढला, तर वायूला वाट मिळत नाही आणि नळी फुगते किंवा फाटते. डावा हात नेमका तिथेच असतो. विसरलेल्या चिंदीचाही परिणाम हाच. म्हणून आडोशाला ठेवलेली बंदूक उचलली की, ती रिकामी असल्याची खात्री करून, मागून उघडून नळीतून आभाळ दिसतं का ते पाहायचं. ठासणीच्या बंदुकीत आभाळ दिसत नाही. तिच्यात गज बुडापर्यंत जातो का, ते मोजून पाहावं लागतं. गज जेवढा आत जायला हवा तेवढा गेला नाही, तर आत बार भरलेला आहे असंच समजावं.

सफाईचाही अतिरेक नको. लोखंडी गज तोंडाकडून खसाखसा घासला, तर नळीचं तोंड झिजतं आणि अचूकता तिथेच जाते. जुन्या रायफलींच्या नळ्यांची तोंडं पुलथ्रूच्या दोरीनंसुद्धा झिजलेली दिसतात, कारण दोरी तिरकी ओढली जाई. शक्य असेल तिथे मागून पुढे, सरळ रेषेत, पितळी किंवा मुलामा दिलेला गज वापरून साफ करावं. आणि सफाई मालकाची असली, तरी दुरुस्ती नाही. शस्त्र कायद्यानं दुरुस्तीसाठी परवाना लागतो. सैल घोडा किंवा फुगीर नळी परवानाधारक कारागिरालाच दाखवा.

पावसाळा सरत आला की खंडेनवमी येते. शस्त्रं आणि अवजारं काढून, घासूनपुसून त्यांची पूजा करण्याचा हा दिवस चार महिन्यांच्या ओलीनंतर येतो, ही माझ्या मते मोठी सोयीची गोष्ट आहे. पण बऱ्याच घरांत बंदुकीच्या दस्त्याला हळद-कुंकू लागतं, फूल वाहिलं जातं आणि नळी आतून कुणी पाहत नाही. या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा. मुलांना दूर पाठवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, बंदूक उघडून ती रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटानं, दोनदा खात्री करा. ‘साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी त्या दोन सेकंदांच्या अभावी छापून येते. मग चिंदी ओढा आणि ती पांढरी येईपर्यंत थांबू नका.