जुनी रेंज रोव्हर : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

दुबईतील रास अल खोरच्या अल अवीर बाजारात दहा वर्षांची रेंज रोव्हर आवाक्यात आलेली पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र वयासोबत गाडीचा भाव घसरतो, सुट्या भागांचा आणि मजुरीचा नव्हे.

एअर सस्पेन्शनमधील रबरी फुगे कालांतराने चिरतात. झिरपलेली हवा भरून काढता काढता कंप्रेसर दमतो आणि अखेर तोही निकामी होतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर हे दुखणे ओळखावे.

५.० लिटर व्ही-८ इंजिनाचे प्रकरण अधिक गंभीर. २००९ नंतरच्या सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेनचे गाइड व टेन्शनर झिजतात. थंड इंजिन सुरू होतानाची खडखड ही त्याची खूण. (विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे.) कूलंटच्या प्लास्टिक नळ्याही उष्णतेने ठिसूळ होऊन फुटतात. सुपरचार्ज्ड इंजिनात मागच्या नळीपर्यंत पोहोचण्यासाठी सुपरचार्जर उतरवावा लागतो. नळी स्वस्त, मजुरी भारी. आणि टाळाटाळ केली तर तापलेले इंजिनच जाते.

नोंदणीसाठीचे पासिंग म्हणजे इंजिनाच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. स्वतंत्र गॅरेजकडून तपासणी करून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा, भाव त्यानंतर बोलावा.