डांब कुठे मोडला?

पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या चुलत्यांच्या द्राक्षबागेचा मांडव एका फेब्रुवारीत, घड भरलेले असताना, खाली बसला. रात्री वारा सुटला होता, पण फार नव्हे. सकाळी पाहिले तर तीन ओळी तारांसकट जमिनीवर होत्या आणि निलगिरीचे डांब जमिनीलगत गाजरासारखे मोडले होते. हे डांब साधे नव्हते. ‘औषध मारलेले’ म्हणून जास्त भाव देऊन आणलेले होते. त्यांचा हिरवट रंगही अजून उडाला नव्हता. “फसवलं आपल्याला,” असे म्हणून अण्णांनी त्या दुकानदाराशी बोलणे तोडले, ते कायमचेच.

मोडलेला एक बुंधा मी पोत्यात घालून सोलापूरला आणला. पेशाने मी हिशेब लिहिणारा माणूस; वनस्पतिशास्त्र कधी शिकलो नाही. पण औषध असूनही लाकडाला बुरशी लागते कशी, आणि लागली तर किती लागली हे मोजतात कसे, या दोन प्रश्नांनी मला पुढची कैक वर्षे वाचायला लावले.

लाकडाचे औषध म्हटले की आम्हा सोलापूरकरांना आधी रेल्वेचे स्लीपर आठवतात. सोलापुरात रेल्वे आली १८६० साली. त्याआधी १८३८ मध्ये इंग्लंडात जॉन बेथेल याने एका पद्धतीचे पेटंट घेतले होते: लाकूड बंद टाकीत ठेवायचे, हवा शोषून घ्यायची आणि मग दाबाने तेल आत घुसवायचे. हे तेल म्हणजे कोळशाच्या डांबरापासून काढलेले क्रिओसोट. ते काळे आणि उग्र वासाचे; त्यावर रंग बसत नाही आणि हाताला लागले तर त्वचा जळजळते. पाण्यात विरघळणारे स्वस्त क्षार वापरावेत, तर पहिल्या पावसातच ते धुऊन जात.

या अडचणीवर उपाय काढला तो एका भारतीयाने, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला मारते. तांब्याला न जुमानणाऱ्या काही बुरश्या असतात. त्यांचा आणि वाळवीचा बंदोबस्त आर्सेनिक करते. क्रोमियमचे काम वेगळे. लाकडाच्या संपर्कात त्याचे रूप पालटते आणि ते इतर दोघांना तंतूंना असे बांधून टाकते की पावसाचे पाणी त्यांना सहजी धुऊन नेत नाही. ‘ॲस्क्यू’ या नावाने हे औषध जगभर गेले. अमेरिकेत आर्सेनिकच्या भीतीने २००३ अखेर घरगुती बांधकामातून त्याला रजा मिळाली, पण तोवर कितीतरी देशांतले विजेचे खांब त्याच्यावर उभे राहिले होते. (असल्या लाकडाचे तुकडे चुलीत घालू नयेत. धुरात आणि राखेत आर्सेनिक राहते.)

औषध काम करते की नाही हे ठरवतात कसे? प्रयोगशाळेतली रीत हिशेबनिसाला पटेल अशी आहे. बोटाच्या पेराएवढे ठोकळे करायचे, त्यांत औषधाचे वेगवेगळे प्रमाण भरायचे, ते वाळवून वजन नोंदवायचे. मग निर्जंतुक ओल्या मातीच्या बरणीत जिवंत बुरशी वाढवून ठोकळे तिच्या हवाली करायचे. तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून, बुरशी पुसून, वाळवून पुन्हा वजन करायचे. आठ ग्रॅमचा ठोकळा ७.६ ग्रॅम भरला तर घट ५ टक्के. औषध वाढवत नेले की घट कमी होत जाते आणि एका प्रमाणाला जवळपास थांबते. ते प्रमाण म्हणजे उंबरठा. युरोपीय चाचणीत ३ टक्क्यांखालची घट मान्य धरतात. आपल्याकडे याच कामासाठी आयएस ४८७३ हे मानक आहे.

यात दोन खाचा आहेत. पहिली अशी की औषधाचे लाकूड बुरशीवाचूनही हलके होते, कारण औषधच थोडे ओल्या मातीत उतरते. म्हणून तसलेच काही ठोकळे बुरशी नसलेल्या बरणीत ठेवतात आणि त्यांची घट वजा करतात. हे केले नाही तर औषधाची गळती बुरशीच्या नावावर पडते.

दुसरी खाच अधिक खोल आहे. तपकिरी कूज आणणारी बुरशी लाकडातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या आधी तोडते. तुकडे खाते सावकाश. आमच्या सोलापुरी चादरीचा ताणा कात्रीने वीतवीत कापला, तर तराजूत चादर तेवढीच भरेल, पण उचलायला गेले की सुटून येईल. लाकडाचे तसेच होते. वजन ५ ते १० टक्के घटेपर्यंत त्याची वाकण्याची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. तराजू उशिरा बोलतो.

म्हणून शेवटची साक्ष मातीचीच. डेहराडूनला ६० सेंटिमीटरचे लाकडी खुंट निम्मे जमिनीत गाडून वर्षानुवर्षे तपासत. या जागेला कबरस्तान म्हणतात. सरासरी १२० महिने वा अधिक टिकले तर लाकूड पहिल्या वर्गाचे, ६० महिन्यांच्या आत गेले तर शेवटच्या. खुंट मोडतो तो बहुधा जमिनीलगत. बुरशीला पाणी हवे तशी हवाही हवी. खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी; मधल्या वीतभर पट्ट्यात दोन्ही मिळतात. आमच्या कोरड्या मुलखात हा पट्टा एरवी सुकलेला असतो. पण द्राक्षबागेत ठिबक आले आणि त्याने डांबाचा पायथा ओला ठेवला.

आता माझा बुंधा. तो मी उभा चिरला. बाहेर दोन बोटे जाडीचे हिरवट कडे होते. सुरीचे टोक रुतेना, जोर लावला तर लांब छिलका निघे. ही चांगल्या लाकडाची खूण. आत गाभा तपकिरी, चौकोनी भेगा पडलेला. चिमटीत धरला तर भुगा. औषध बाहेरच्या पांढऱ्या लाकडात उतरले होते, निलगिरीच्या घट्ट गाभ्यात ते जवळपास शिरतच नाही. तसे असले तरी हे कडे अखंड असते तर गाभा झाकलेला राहिला असता. पण बुंध्याच्या टोकाला मला कुऱ्हाडीचे घाव दिसले. डांब सहज रोवता यावेत म्हणून खालच्या टोकाला धार काढलेली होती, औषध मारल्यानंतर. गाभ्याचे दार आम्हीच उघडले होते. त्या दिवशी पोरसवदा मी डांब धरून उभा होतो आणि कुऱ्हाड अण्णांच्या हातात होती.

हे समजले तोवर अण्णा राहिले नव्हते. दुकानदार होते. मी बुंधा घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि घाव दाखवले. त्यांनी बराच वेळ बोट फिरवले आणि म्हणाले, “कापू नका, हे मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.”

आज पुतण्या नवे डांब घेताना दोन प्रश्न विचारतो: दर घनमीटरला औषध किती किलो, आणि ते किती खोल? (अमेरिकी मानकात जमिनीत रोवायच्या साध्या लाकडाला हा आकडा ६.४ किलोच्या आसपास आहे.) लांबी आधी ठरवून घेतो. आणि दर दिवाळीनंतर, छाटणीची धांदल संपली की, ठिबकाशेजारची माती उकरून प्रत्येक डांबाला जमिनीलगत सुरी टोचून पाहतो. छिलका लांब निघाला तर पुढे जातो. तुटक निघाला तर त्या डांबाला चुन्याची खूण करतो.