गाडी एक, कागद दुसऱ्याच गाडीचे

किट कार म्हणजे सुट्या भागांतून घरच्या गॅरेजमध्ये जोडलेली गाडी. कंपनी फायबरग्लासची बॉडी आणि कधीकधी सांगाडाही विकते. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल वगैरे ऐवज घेणाऱ्याने एखाद्या जुन्या गाडीतून काढायचा असतो. या जुन्या गाडीला ‘डोनर’ म्हणतात. अमेरिकेत अनेक वर्षं या कामासाठी सर्वांत जास्त कापली गेलेली गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटल. बोल्ट काढले की तिची बॉडी चॅसिसवरून उचलता येते आणि खाली इंजिन, चाकं, स्टिअरिंग जागच्या जागी राहतं. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये मेयर्स मँक्स ही वाळूत पळणारी बग्गी तयार केली आणि बीटलच्या चॅसिसवर नवनव्या बॉडी बसवण्याची लाटच आली. कोणी बग्गी केली, कोणी जुन्या एमजीची नक्कल, कोणी १९२० च्या दशकातल्या मर्सिडीजची.

आज या गाड्या दुसऱ्या, चौथ्या, सातव्या मालकाच्या हातात आहेत. इंजिन कसं आहे, फायबर कुठे तडकलंय, हे चांगला मेकॅनिक अर्ध्या तासात सांगतो. कागदांचं तसं नाही, आणि गाडी स्वस्तात का मिळतेय याचं उत्तर बहुतेक वेळा कागदांतच असतं.

अमेरिकेत हे कागद दोन प्रकारचे असतात. आपल्याकडे आरसी ज्याच्या नावावर तो कायद्याच्या लेखी मालक, त्यामुळे एकाच कागदावर भागतं. तिथे मालकीचा दाखला म्हणजे टायटल वेगळं आणि गाडी रस्त्यावर चालवण्याची नोंदणी वेगळी. टायटल राज्य सरकारचं मोटार खातं देतं. विक्रीच्या वेळी विकणारा त्यावर सही करून ते घेणाऱ्याच्या हवाली करतो. गाडीवर कर्ज असेल तर सावकाराचं नावही त्यावरच छापलेलं असतं आणि ते उठल्याचा पुरावा लागतो. पन्नास राज्यांचे नियम पन्नास तऱ्हांचे. न्यूयॉर्क १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलला टायटल देतच नाही, तिथे नोंदणीचा कागदच मालकीचा पुरावा धरतात. जॉर्जियात १९८५ पर्यंतच्या मॉडेलला टायटल लागत नाही. अशा राज्यातून गाडी घेऊन टायटल मागणाऱ्या राज्यात नेली की खिडकीपलीकडच्या कारकुनाला आधी हा फरक समजावून द्यावा लागतो.

बीटलवर बांधलेल्या गाडीच्या टायटलवर बहुधा ‘१९६७ फोक्सवॅगन’ असं लिहिलेलं असतं. समोर उभी असते दोन सीटची उघडी बग्गी. यात लबाडी असेलच असं नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख चॅसिसवर ठोकलेल्या नंबरात असते. बीटलमध्ये हा नंबर मागच्या सीटखाली, चॅसिसच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर असतो. १९६५ ते १९६९ या मॉडेलांना नऊ आकडे असत. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा मॉडेलचं वर्ष. म्हणजे टायटलवर १९६७ ची बीटल असेल तर सीट उचलल्यावर खाली ११७ ने सुरू होणारा नंबर दिसायला हवा. किट कारमध्ये ही जागा अनेकदा गालिच्याखाली किंवा फायबरच्या सीटखाली दडलेली असते, त्यामुळे कित्येक मालकांनी तो नंबर कधी पाहिलेलाच नसतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून टायटलशी एकेक आकडा ताडून बघायचा. धातू आजूबाजूला घासलेला असेल, आकडे वाकडेतिकडे असतील किंवा वरून वेल्डिंगचा थर असेल, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

गुंतागुंत वाढते ती बॉडी उचलली जाते तेव्हा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरही नंबराची पट्टी आली. किट बांधताना जुनी बॉडी भंगारात गेली की ती पट्टीही गेली. कोणी ती जपून नव्या डॅशबोर्डवर रिव्हेट करून टाकली, आणि तसं करणं चुकीचं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यात काही राज्यांत जुन्या काळी नोंदणी इंजिनाच्या नंबरावर होत असे. इंजिन बदललं की कागदावरचा नंबर गाडीत कुठेच उरत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे कागदच विकत घेणं. सडलेल्या गाडीचं टायटल आणि नंबराची पट्टी घेऊन दुसऱ्याच सांगाड्यावर चढवायची. नंबर काढणं, खोडणं किंवा बदलणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे. अशी गाडी सापडली तर ती जप्त होऊ शकते, मग आजचा मालक कितीही सरळमार्गी असो. विकणारा म्हणतो, ‘पट्टी आहे माझ्याकडे, तुम्ही लावून घ्या.’ हे वाक्य कानावर पडलं की निघावं.

शेल्बी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या नकला हे आणखी वेगळं प्रकरण. मूळ कोब्रा १९६० च्या दशकात हजाराच्या आसपास बनल्या, नकला त्याच्या कित्येक पट आहेत. यांचा सांगाडा सहसा नवा असतो. १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेली फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी सांगाड्याबरोबर स्वतःचा नंबर आणि उत्पत्तीचा दाखला देते, आणि यंत्रभाग फोर्ड मस्टँगमधून येत. अशा गाडीचं टायटल खरं तर बांधणीच्या वर्षाचं आणि ‘जोडलेली गाडी’ किंवा ‘विशेष बांधणी’ अशा शेऱ्याचं हवं. प्रत्यक्षात ‘१९६५ फोर्ड’ लिहिलेली कित्येक निघाली. कारण सरळ आहे. जुन्या गाडीला धुराची तपासणी नाही आणि किंमत कमी दाखवली की करही कमी. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, त्यामुळे हा मोह तिथे सर्वांत जास्त. वास्तविक त्याच राज्याने २००१ मध्ये सरळ वाट करून दिली होती: दरवर्षी पाचशे विशेष बांधणीच्या गाड्यांना बॉडी किंवा इंजिन ज्या वर्षाचं दिसतं त्या वर्षाच्या निकषाने तपासायचं, आणि बॉडी कोणत्याच जुन्या गाडीशी जुळत नसेल तर ती १९६० ची धरायची. पाचशेचा आकडा नव्या वर्षापासून नव्याने मोजला जातो आणि आधी येईल त्याला आधी मिळतो. ज्यांना रांग नको होती त्यांनी आडवाट धरली, आणि त्या आडवाटेचा हिशेब आता तिसऱ्या मालकाकडून मागितला जातो.

अर्धवट राहिलेली किट हा बाजारातला सर्वांत मोठा सापळा. पहिल्याने हौसेने खोका आणला, पाच वर्षांत सांगाडा उभा केला आणि कंटाळून विकला. दुसऱ्याने चाकं लावली आणि तोही थांबला. तिसऱ्याच्या हाती गाडी येते तेव्हा उत्पत्तीचा दाखला पहिल्याच्या नावाचा, डोनरचं टायटल कुठल्या तरी चौथ्याच माणसाच्या सहीचं, आणि इंजिनाची पावती नाही. मधल्या मालकाने टायटल आपल्या नावावर न करता तसंच पुढे सरकवलेलं असतं. बहुतेक राज्यांत हे बेकायदा आहे, आणि घेणाऱ्याला मधल्या प्रत्येक माणसाचा माग काढावा लागतो. तपासणी अधिकारी इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबरही चोरीच्या यादीशी पडताळतात, म्हणून पावत्यांचं मोल असतं. वीस वर्षांपूर्वीची चुरगळलेली पावतीसुद्धा अशा वेळी नव्या रंगापेक्षा जास्त कामाची.

कागद खरोखरच हरवले असतील तर काही राज्यांत हमीवर टायटल मिळतं. टेक्सासमध्ये गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड भरायचा असतो. तीन वर्षांत खरा मालक उभा राहिला नाही तर टायटल पक्कं होतं. याहून सोपी म्हणून व्हरमाँटची वाट अनेक वर्षं चालू होती. पंधरा वर्षांहून जुनी गाडी नुसत्या विक्रीपत्रावर, दुसऱ्या राज्यात राहून टपालानेच तिथे नोंदवता येई. २०२३ मध्ये ती बंद झाली. तेव्हा ‘व्हरमाँटवरून करून घ्या’ असं सांगणारा विक्रेता एक तर जुन्या जमान्यात आहे किंवा घेणारा अजाण आहे असं धरून चाललेला आहे.

जुन्या नंबराबाबत आणखी एक गोष्ट. १९८१ पासून नंबर सतरा आकडी-अक्षरी झाला आणि संगणकावरच्या याद्या त्याच साच्याच्या आहेत. नऊ आकडी नंबर टाकल्यावर ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं म्हणजे गाडी स्वच्छ आहे असं नव्हे. विम्यातही कागदावरचं वर्णन आडवं येतं. विमा ‘१९६७ फोक्सवॅगन’चा आणि अपघातात चक्काचूर झाली कोब्राची नक्कल, तर दावा फेटाळायला कंपनीला दुसरं कारण शोधावं लागत नाही. किट कारचा विमा तिच्या खऱ्या वर्णनावर आणि आधी ठरवलेल्या किमतीवर काढतात. पैसे देण्याआधी विक्रेत्याला बरोबर घेऊन मोटार खात्यात जाणं आणि नंबर तिथेच पडताळून घेणं हा यातला सर्वांत सुरक्षित मार्ग. जो विक्रेता त्याला नाही म्हणतो, त्याने बरंच काही सांगितलेलं असतं.

ब्रिटनमध्ये किट कारची परंपरा आणखी जुनी, पण कागद एकाच देशव्यापी खात्याचे. तिथल्या व्हीफाइव्हसी या लॉगबुकवर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. हा मालकीचा पुरावा नाही, असं त्या कागदावरच छापलेलं असतं. मालकीसाठी विक्रीची पावती लागते. बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी तपासणी द्यावी लागते, २००९ पासून तिचं नाव आयव्हीए. ज्या गाडीचं वय किंवा मूळ ठरवता येत नाही तिला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो आणि त्याने किंमत पडते. मोठे बदल केलेल्या गाडीने जुना नंबर राखण्यासाठी आठ गुण मिळवायचे, असा हिशेब तिथे दीर्घकाळ होता: चॅसिसला पाच, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. चॅसिस कापून आखूड केली की ते पाच गुण गेलेच, आणि बीटलवरच्या बहुतेक बग्ग्यांची चॅसिस आखूडच असते. ऑगस्ट २०२५ मध्ये खात्याने ही धोरणं बदलली. पण त्याआधी बांधलेल्या गाडीच्या लॉगबुकात बॉडीचा प्रकार अजून ‘सलून’ दिसत असेल तर बदल कधी कळवलाच नव्हता, हे उघड आहे.

भारतात किट कारचा बाजार असा नाही. सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीप, जुन्या विलीजच्या धर्तीवर नव्याने बांधलेल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. अशी जीप घेऊन महाराष्ट्रात नोंदवायची तर मूळ आरटीओची एनओसी आणतानाच अर्जावर चॅसिस नंबराचा पेन्सिल प्रिंट लागतो. कागद नंबरावर ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. ते आरसीवरच्या आकड्यांशी जुळले नाहीत, तर अर्ज त्याच टेबलावर थांबतो.