डोंगरातले गाव आणि कागद

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. केस पांढरे, पाठीला थोडा बाक, पण बुद्धी तल्लख. एके दिवशी त्या पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, माझं वय किती असंल?"

मी म्हणालो, "तुम्हीच सांगा."

"मला काय ठावं? बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. थोरला तवा पाळण्यात व्हता."

मावशींनी म्हातारपणाच्या पगारासाठी अर्ज केला होता. वयाचा पुरावा नाही, म्हणून तो एका कचेरीतून परत आला. मावशी म्हणाल्या, "मी समोर उभी हाय, तरी कागद मागत्यात. कागदावर न्हाई म्हंजी मी जन्मलेच न्हाई व्हय?"

वर्ग गप्प झाला. मलाही लगेच उत्तर सुचले नाही. पण मला एक गाव आठवले. मावशींचा जो प्रश्न, तोच त्या गावाचा आणि त्याच्या शेजारच्या कितीतरी गावांचा. त्या गावाची माहिती आज सांगतो.

गाव कोठे आहे?

गावाचे नाव बिनागुंडा. ते आपल्याच महाराष्ट्रात आहे. जिल्हा गडचिरोली, तालुका भामरागड. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून नागपूर सुमारे ५०० किलोमीटर. तेथून गडचिरोली सुमारे १७५ किलोमीटर. गडचिरोलीहून आष्टी, आलापल्ली अशी गावे घेत भामरागड आणखी तितकेच दूर. आलापल्ली सोडली की दोन्ही बाजूंना साग, बांबू, मोह आणि टेंभुर्णी यांचे दाट रान लागते.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी भामरागडपर्यंत जाऊन आलो. तेथे तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम. पाणी पाहून डोळे निवतात. पण हेच पाणी पावसाळ्यात वाट अडवते. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा. पूर आला की तो पाण्याखाली जाई आणि भामरागडचा जगाशी संबंध तुटे. २०१९ साली तर एकाच पावसाळ्यात असे अनेक वेळा झाले.

भामरागडच्या पुढे लाहेरी हे गाव. लाहेरीच्या पुढे नाले आणि डोंगर ओलांडत बिनागुंड्याकडे जायचे. ही वाट पिढ्यानपिढ्या पायीच तुडवलेली. मी गेलो तेव्हा पावसाळा तोंडावर होता. मी भामरागडहूनच मागे फिरलो. पुढचे मी तेथे राहणाऱ्या शिक्षकांकडून ऐकले आणि पुस्तकांतून वाचले.

माणसे कशी राहतात?

या डोंगरात माडिया लोक राहतात. माडिया हे गोंडांचे भाऊबंद. आपल्या मराठवाड्यातही किनवट आणि माहूरकडे गोंड लोक आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेल. डोंगरावर राहणाऱ्यांना बडा माडिया म्हणतात. बिनागुंड्याची माणसे बडा माडिया.

त्यांची भाषा माडिया. ती मराठीच्या घरची नव्हे, तेलुगू आणि कानडीच्या घरची. या भाषेला स्वतःची लिपी नाही. सगळे ज्ञान तोंडी चालत आले. आजोबांनी सांगायचे, नातवाने ध्यानात ठेवायचे.

घरे लाकडाची आणि बांबूच्या कुडाची, मातीने लिंपलेली. गावात एक सामाईक जागा असते. तिला गोटुल म्हणतात. गावाची बैठक तेथे भरते. पाहुणा आला तर त्याची सोय तेथे करतात. गावाचा कारभार गायता आणि भूमिया पाहतात. देवाचे, जमिनीचे आणि तंट्याचे काम ते जुन्या रीतीने चालवतात.

खाणे साधे. भात, कोसरी नावाचे बारीक धान्य, आंबील, रानभाज्या, बांबूचे कोंब, मासे. मोहाची फुले वेचून वाळवतात. तेंदूची आणि चाराची फळे गोळा करतात. गोरगा नावाच्या झाडाचा रस पितात. मीठ आणि कापड मात्र बाजारातून आणावे लागते. त्यासाठी डोक्यावर ओझे घेऊन कोस न् कोस चालावे लागते.

नवे पीक आले म्हणून लगेच तोंडात घालायचे नाही, अशी त्यांची रीत. आधी पंडुम, म्हणजे सण. गावाने मिळून देवाला दाखवायचे, मग खायचे. पेरणीच्या आधी बियाण्याचाही पंडुम असतो. कच्चे फळ कोणी ओरबाडू नये, सर्वांना वाटा मिळावा, हे शहाणपण त्या रीतीत आहे.

सगळेच चांगले आहे असे मात्र मी सांगणार नाही. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचे, अशी तिकडे चाल आहे. लहानशी झोपडी, पावसात गळकी, सापविंचवाचे भय. अशा झोपड्यांत बायका दगावल्याही आहेत. हिवतापाने तर या रानात किती माणसे नेली! कित्येकांच्या रक्तात सिकलसेल नावाचा आजार आहे. तो आईबापांकडून मुलांना येतो. दवाखाना दूर, वाट बिकट. आजाऱ्याला खाटेवर घालून, खांदे देऊन आणावे लागे.

गाव लिहिले का गेले नाही?

आता मुख्य गोष्ट ऐका. या डोंगराची नोंद कागदावर फार थोडी झाली. त्याची कारणे समजून घ्या.

पहिले कारण वाट. मोजणी करणारा साखळी घेऊन तेथवर पोहोचणेच अवघड.

दुसरे कारण भाषा. आलेल्या अंमलदाराला माडिया येत नाही, गावाला मराठी येत नाही. मग लिहिणार काय?

तिसरे कारण शेतीची रीत. डोंगरउतारावर ते पूर्वी पेंडा करीत. पेंडा म्हणजे फिरती शेती. उन्हाळ्यात झाडे तोडायची, वाळू द्यायची, जाळायची. राखेवर बी टाकायचे. राख हेच खत. दोनतीन वर्षांनी जमिनीचा कस उतरला की ती जागा सोडून दुसरीकडे जायचे. जुन्या जागी पुन्हा रान वाढते. शेत हलले की कधी वस्तीही हले. सरकारी दप्तराला मात्र एका जागेवरचे शेत हवे. गट नंबर हवा, हद्द हवी. जंगलाचे कायदे आले आणि पेंडा गुन्हा ठरला. ज्या रानात आजा-पणजा राहिला, तेथे नातू कागदावर अतिक्रमण करणारा झाला.

चौथे कारण भीती. आधी सावकाराची आणि अंमलदाराची. मग १९८० नंतर नक्षलवाद्यांची आणि त्यांच्यामागे येणाऱ्या बंदुकीच्या लढाईची. २००९ साली लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. दोन बंदुकांच्या मध्ये गावकरी सापडला. मग लिहिणारा येणार कोठून?

बिनागुंड्याच्या पलीकडे छत्तीसगडात अबुझमाड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. सुमारे ४००० चौरस किलोमीटर. तेथील पुष्कळ गावांची जमीन स्वातंत्र्य मिळून साठ वर्षे झाली तरी मोजलेली नव्हती. माणसे होती, शेते होती, पण सातबारा नव्हता.

माडियांविषयी पहिले मोठे पुस्तक १९३८ साली निघाले. ते ग्रिगसन नावाच्या इंग्रज अंमलदाराने लिहिले. पुस्तक चांगले आहे. पण ते परक्याने, परक्या भाषेत लिहिले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते वाचता येत नव्हते.

लिहिले की काय होते?

१९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी तेथेच राहिली. दोघांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. दवाखाना काढला. १९७६ साली शाळा काढली. त्या शाळेत शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर झाली, वकील झाली, शिक्षक झाली. आता गावाविषयी लिहिणारा हात गावाचाच झाला.

गडचिरोलीतच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली काम सुरू केले. त्यांनी गावोगाव जन्म आणि मृत्यू नीट मोजून लिहिले. १९८८ साली असे दिसले, की जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२१ मुले वर्षाच्या आत दगावत होती. मग त्यांनी गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. १९९५ पासून त्या घरोघर जाऊ लागल्या. तीन वर्षांत नवजात बाळांचे मरण निम्म्याहून कमी झाले. पुढे २००१ साली 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल निघाला. सरकारी वहीत जेवढे बालमृत्यू लिहिले जातात, त्याहून खरे मृत्यू किती तरी जास्त आहेत, हे त्याने दाखवले. पाहा, मूल मेले आणि लिहिले गेले नाही, तर त्याच्यासाठी औषध कोण पाठवणार?

म्हाताऱ्याचा शब्दही पुरावा

जंगलाचे काय झाले, तेही सांगतो. २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याचा हक्क या कायद्याने मानला. गावाचा सामाईक जंगलावरचा हक्कही मानला. पण पुरावा हवा. ज्यांच्याकडे कागदच नाही, त्यांनी काय करावे?

या कायद्याचे नियम मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. नुसता सरकारी कागद हाच पुरावा नव्हे. जुने घर, विहीर, देवाची जागा, पुरण्याची जागा हाही पुरावा. माडिया लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी दगड उभे करतात. असे दगड गावाच्या बाजूने साक्ष देतात. आणखी एक पुरावा मानला आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली हकीकत. मात्र दावा करणारा तो स्वतः नसावा, आणि त्याचे सांगणे लिहून घेतलेले असावे. हा शेवटचा शब्द ध्यानात ठेवा. लिहून घेतलेले.

गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव आहे. तेथे लोकांनी अभ्यास गट केला. रात्री बसावे, कायदा वाचावा, प्रश्न विचारावे, सर्वांच्या मताने ठराव करावा. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारे ते देशातले अगदी पहिल्या गावांपैकी एक. २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. ज्या बांबूसाठी पूर्वी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे, त्याचा हिशेब गावाने आपल्या वहीत लिहिला.

बिनागुंड्याची वाट याहून बिकट आहे. डोंगर उंच आहे, लिहिणारे हात थोडे आहेत. पण रस्ता हाच आहे.

आपल्या मावशींचे पुढे काय झाले?

वर्गातल्या सर्वांनी मिळून मावशींची हकीकत लिहून काढली. दुष्काळाचे साल, थोरल्याचे वय, लग्नाचे साल, सगळे जुळवले. मग मी चौकशी केली. जन्माचा दाखला नसेल तर सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तपासून वयाचा दाखला देतात, असे कळले. मावशी मुलाला घेऊन गेल्या आणि दाखला आणला. नवा अर्ज वर्गातच लिहिला. खाली अंगठा नाही, सही केली. सही थोडी वाकडी आहे, पण ती त्यांची आहे.

अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. मात्र अर्ज दिल्यावर मावशींनी पोच मागून घेतली. पोचेवरची तारीख स्वतः वाचली. चुकलेली होती, ती दुरुस्त करून घेतली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "गुरुजी, आता मी कागदावर हाय."

मंडळी, तुम्ही आता अक्षरे शिकलात. ती नुसती पाटीवर पुसू नका. तुमच्या गावात सर्वांत म्हातारे कोण, ते शोधा. त्यांच्यापाशी बसा. गावाची विहीर कोणी खणली, पाणंद कोठून जात होती, गायरान कोठवर होते, दुष्काळात काय खाल्ले, हे विचारा. सांगतील तसे वहीत लिहा. खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या आणि तारीख घाला. माणूस गेला की आठवण जाते. वही राहते.

विचार करा आणि सांगा

१. बिनागुंड्याच्या डोंगराची नोंद थोडी का झाली? चार कारणे सांगा.
२. वनहक्क कायद्यात कागदाशिवाय कोणकोणते पुरावे चालतात?
३. तुमच्या घरात कोणाच्या जन्माची नोंद नाही? ती करण्यासाठी तुम्ही काय कराल?
४. तुमच्या गावातली कोणती गोष्ट आज लिहून ठेवली नाही, तर उद्या कोणालाच ठाऊक राहणार नाही?