जागा आहे, तरी फाइल का जात नाही?

घाटकोपर असो वा बोरिवली, लग्नसराई सरली की एक तक्रार हमखास कानावर येते: 32 जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे, तरी लग्नाची फिल्म त्यात जात नाही, म्हणजे दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला. बाजारात बनावट ड्राइव्ह असतात, हे खरे. पण ते बहुधा फाइल निमूट घेतात आणि नंतर ती उघडत नाही. इथे तर ‘फाइल फार मोठी आहे’ असा स्पष्ट संदेश पडद्यावर येतो आणि तो न वाचताच दुकानदाराला दोष दिला जातो! अडचण आहे ती फॅट32ची. 1996 साली विंडोज 95च्या सुधारित आवृत्तीत आलेली ही फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलचा आकार 32 बिटांत नोंदवते. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा 4,29,49,67,295, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह कितीही मोठा घ्या, एका फाइलची मर्यादा तीच. सेकंदाला 8 मेगाबिट दराची फिल्म ती सुमारे 71 मिनिटांत ओलांडते.

‘मग एनटीएफएस करा’ हा सल्ला अर्धवट आहे. विंडोजच्या अंतर्गत डिस्कसाठी ती उत्तम. पण मॅक ती मुळात फक्त वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. अंधेरीतल्या एखाद्या एडिटिंग स्टुडिओत मॅक असेल, तर काम तिथेच अडेल. हातोहात फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी एक्सफॅट योग्य. ती 2006 साली आली, मॅकवर 2010 पासून चालते आणि 2019 साली मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील जाहीर केल्यावर लिनक्सच्या कर्नेलमध्येही आली. जुने टीव्ही आणि गाडीतले स्टिरिओ ती ओळखत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून गाण्यांसाठी किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटसाठी फॅट32 खुशाल ठेवा.

‘32 जीबीच्या ड्राइव्हवर 29 दिसतात, म्हणजे फसवणूक’: नाही; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या.

‘क्विक फॉरमॅट केले की माहिती नष्ट होते’: नाही, पुसली जाते ती मुख्यतः यादी, मजकूर बराचसा परत काढता येतो.

‘इजेक्ट न करता ड्राइव्ह काढला तरी चालतो’: फॅट32 आणि एक्सफॅट दोन्हींत बदलांची नोंदवही नसते, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते.

तेव्हा दुकानदाराशी भांडण्याआधी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडून फाइल सिस्टिमचे नाव वाचा, आतल्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या आणि मगच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.