वेदना आणि दाह: सोरायटिक आर्थ्रायटिसविषयीचे आठ गैरसमज

सोरायसिस म्हटलं की कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात दिसणारे लालसर, खवल्यांचे चट्टे डोळ्यांसमोर येतात. या चट्ट्यांचा सांध्यांशी काही संबंध असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात सोरायसिस असलेल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांना पुढेमागे सांध्यांचा दाहही गाठतो. त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. तो स्त्री-पुरुषांना सारख्याच प्रमाणात होतो आणि बहुतेकदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे घर आणि नोकरी दोन्ही अंगावर असण्याच्या वयात सुरू होतो.

या आजारात दाह आणि वेदना यांची सतत गल्लत होते. रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तेव्हा सांध्यात दाह होतो. आपल्याला जाणवते ती वेदना. दोन्ही बऱ्याचदा हातात हात घालून येतात, पण नेहमीच नाही. कोणत्या वेळी नेमकं काय चाललं आहे हे कळलं नाही, तर उपचार भलत्याच गोष्टीवर होतात. पुढचे बहुतेक गैरसमज याच गल्लतीतून जन्मलेले आहेत.

गैरसमज १: चट्टे थोडेच आहेत, म्हणजे सांध्यांना धोका नाही.

वस्तुस्थिती: त्वचेवर किती पसरलं आहे, यावरून सांध्यांचं काय होणार ते ठरत नाही. एखाद्याच्या अंगभर चट्टे असतात आणि सांधे ठणठणीत. दुसऱ्याच्या फक्त डोक्यात खवले, तेही तो वर्षानुवर्षं कोंडा समजत आलेला, आणि बोटं सुजलेली. बहुतेकांना त्वचेचा त्रास आधी आणि सांध्यांचा काही वर्षांनी, अनेकदा दहाएक वर्षांनी सुरू होतो. काही जणांत मात्र सांधेच आधी धरतात.

नखं जरूर पाहावीत. उजेडात धरली तर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, कधी नख टोकाकडून बोटापासून सुटू लागतं, खाली पिवळट डाग दिसतो. अनेकदा याला बुरशी समजून महिनोन्महिने मलम लावलं जातं. सोरायसिसच्या रुग्णाची नखं अशी असतील, तर सांध्यांकडे अधिक लक्ष द्यायला हवं.

गैरसमज २: जितकं दुखणं जास्त, तितका दाह जास्त.

वस्तुस्थिती: वेदनेच्या तीव्रतेवरून दाह मोजता येत नाही, वेदनेच्या वागण्यावरून मात्र बराच अंदाज येतो. दाहाची वेदना विश्रांतीने वाढते. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात आणि हे आखडणं अर्धा तास, कधी तास-दोन तास टिकतं. ब्रशवर पेस्ट घेताना बोटं वळत नाहीत, शर्टाचं बटण लागत नाही. मग हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळं वाटतं. कंबरेत दाह असेल, तर उत्तररात्री जाग येते आणि चार पावलं चालल्यावर बरं वाटतं.

झीज झालेल्या सांध्याचं उलट असतं. तो वापरला की दुखतो, संध्याकाळपर्यंत ठणकतो आणि टेकल्यावर शांत होतो. सकाळचं आखडणं काही मिनिटांतच जातं.

वेदनेचा तिसराही प्रकार आहे. त्यात मज्जासंस्थाच इतकी संवेदनशील होते की साध्या दाबानेही दुखतं. दुखणं एका सांध्यापुरतं न राहता अंगभर पसरतं, झोप होऊनही थकवा जात नाही, लक्ष लागत नाही. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नाव देऊन मान्यता दिली. एकाच माणसात हे तिन्ही प्रकार एकत्र असू शकतात.

गैरसमज ३: रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे आजार नाही.

वस्तुस्थिती: हा आजार ठरवणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. आमवातासाठी केली जाणारी ‘आरए फॅक्टर’ची तपासणी इथे बहुधा निगेटिव्हच येते. शरीरातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे आकडेही जवळपास निम्म्या रुग्णांत नॉर्मल असतात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. अशा वेळी सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दाह सापडू शकतो, पण सर्वांत महत्त्वाची असते ती तज्ज्ञाने हात लावून केलेली तपासणी आणि नीट विचारलेली हकिगत.

युरिक ॲसिडचाही एक घोळ आहे. सोरायसिसमध्ये ते थोडं वाढलेलं असू शकतं. पायाचं बोट सुजलेलं आणि रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड जास्त, एवढ्यावरून गाऊटचं औषध सुरू होतं आणि मूळ आजार तसाच राहतो.

गैरसमज ४: टाच दुखते, कंबर धरते, ते वेगळं दुखणं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: संबंध अगदी जवळचा आहे. या आजारात दाह फक्त सांध्याच्या आत नसतो. स्नायूचा दोरीसारखा टोकाचा भाग हाडाला जिथे चिकटतो, त्या जागा त्याच्या खास आवडीच्या. टाचेच्या मागे, तळपायाखाली, कोपराच्या बाहेरच्या बाजूला तिथेच दुखतं. मग चप्पल बदलली जाते, टाचेत इंजेक्शन घेतलं जातं, पण सोरायसिसचा विषयच निघत नाही.

दुसरी ठळक खूण म्हणजे अख्खं बोट सुजणं. एखादं पेर सुजण्याऐवजी बोट मुळापासून टोकापर्यंत फुगतं, लालसर होतं, अंगठी अडकून बसते. नखाजवळचं पेर सुजणं हेही या आजाराचं वैशिष्ट्य आहे. आणि डोळा दुखून लाल झाला, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागलं, तर ते डोळे येणं समजून थांबू नये. डोळ्याच्या आतही दाह होऊ शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं.

गैरसमज ५: गोळीने दुखणं थांबलं, म्हणजे आजार आटोक्यात आला.

वस्तुस्थिती: मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी ठणका कमी करते, सूजही थोडी उतरवते, पण हाड कुरतडणारी प्रक्रिया तिने थांबते असं दिसलेलं नाही. शिवाय ती रोज घेतली तर पोट, मूत्रपिंड आणि हृदयावर ताण येतो. आयर्लंडमधल्या एका अभ्यासात, तज्ज्ञापर्यंत पोहोचायला सहा महिन्यांचा उशीर झालेल्या रुग्णांच्या सांध्यांची हानी अधिक झालेली आणि हालचाल अधिक मर्यादित झालेली दिसली. झालेली हानी भरून येत नाही, म्हणून घाई करायची ती इथे.

दाहावर काम करणारी औषधं वेगळी आहेत. मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या अनेकदा आधी दिल्या जातात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. गर्भधारणेचा विचार असेल, तर ते आधीच डॉक्टरांना सांगायला हवं. त्यापुढची बायोलॉजिक इंजेक्शनं दाह पेटवणाऱ्या टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ अशा नेमक्या रेणूंना अडवतात. ती सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षयाचा जंतू सुप्त आहे का, हे तपासलं जातं. आपल्याकडे ही पायरी अजिबात वगळू नये. ही औषधं महाग खरी, पण २०१४पासून त्यांपैकी अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आहे. खर्चाबद्दल डॉक्टरांशी संकोच न करता बोलावं.

बिननावाच्या पुड्यांपासून मात्र लांब राहावं. दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड असू शकतं. ते अचानक बंद झालं की सोरायसिस जोरात उसळू शकतो.

गैरसमज ६: दाह गेला तरी दुखतं, म्हणजे मनाचे खेळ आहेत.

वस्तुस्थिती: पूर ओसरला तरी भिंतीतली ओल महिनोन्महिने राहते. सूज उतरलेली, आकडे सुधारलेले, तरीही दुखणं उरतं, असं अनेक रुग्णांचं होतं. त्यामागे आधी झालेली हानी असेल, वयानुसार झीज असेल किंवा दीर्घकाळच्या वेदनेने हळवी झालेली मज्जासंस्था असेल. ही वेदना पूर्ण खरी असते. घरच्यांनी ‘रिपोर्ट तर चांगले आहेत’ म्हणून ती उडवून लावणं हा अन्याय आहे.

अशा वेळी दाहाचं औषध वाढवत नेऊन फायदा होत नाही. हळूहळू वाढवलेला व्यायाम, झोपेची शिस्त, नैराश्य असेल तर त्यावर उपचार आणि गरजेप्रमाणे मज्जातंतूंवर काम करणारी औषधं, यांनी फरक पडतो. अर्थात दाह खरोखर गेला आहे का, हे तज्ज्ञाने आधी तपासून पाहायला हवं.

गैरसमज ७: सांधे वापरले तर झिजतील, आराम करणंच बरं.

वस्तुस्थिती: सांधा ऐन सुजलेला असेल तेव्हा त्याला थोडी विश्रांती द्यावी. एरवी हालचाल हाच औषधाचा भाग आहे. चालणं, पोहणं, सायकल, ताण देणारे सोपे व्यायाम आणि स्नायू बळकट करणारे व्यायाम, सगळं चालतं. आधी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. अमेरिकन गोल्फपटू फिल मिकेलसनला २०१०मध्ये हाच आजार असल्याचं निदान झालं. उपचार घेत तो खेळत राहिला आणि २०२१मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. त्याच्यासारख्या सोयी सर्वांना मिळत नाहीत, पण निदान म्हणजे खाटेला खिळणं नाही एवढं तरी त्यातून कळतं.

गैरसमज ८: आंबट, वांगी, बटाटा बंद केला की वात जातो.

वस्तुस्थिती: चिंच-ताक-वांगी बंद करून हा दाह शमतो, याला पुरावा नाही. वजनाबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. पोटाभोवतीची चरबी स्वतःच दाहाला खतपाणी घालते. जास्त वजन असलेल्या रुग्णांनी पाच टक्के वजन उतरवलं, तरी औषधांचा गुण अधिक चांगला येतो. म्हणजे ८० किलोच्या माणसाने चार किलो. या आजारात मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहावं आणि तंबाखू-सिगारेट सोडावी. हा आजार संसर्गाने पसरत नाही, तेव्हा ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं करण्याचं काहीच कारण नाही.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

सोरायसिस असेल, किंवा आई-वडील-भावंडांपैकी कुणाला असेल, आणि सांधे दुखत असतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. जाताना एका कागदावर लिहून न्यावं: सकाळी किती वेळ आखडतं, हालचालीने बरं वाटतं की वाढतं, रात्री जाग येते का, कोणतं बोट कधी सुजलं, टाच दुखली का, नखांत काय बदल झाला. सुजलेल्या बोटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण भेटीच्या दिवशी सूज उतरलेली असू शकते. उपचार सुरू झाल्यावर ठरल्या तारखेला जाणंही तितकंच महत्त्वाचं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत दर चार आठवड्यांनी तपासून औषधं बदललेल्या रुग्णांचे सांधे, बारा आठवड्यांनी तपासलेल्या रुग्णांपेक्षा अधिक सुधारले.

आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न सरळ विचारावा: आत्ता मला जे दुखतंय, ते दाहामुळे की आणखी कशामुळे? या प्रश्नाचं उत्तर मिळवणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि पुढचा सगळा उपचार त्या उत्तरावरच उभा राहतो.