पाठीच्या कण्यातील रोपणे आणि मेंढीवरील चाचणी : उपयुक्तता व मर्यादा

पाठीच्या कण्यातील दोन मणके एकसंध करण्यासाठी शस्त्रक्रियेत टायटॅनियमचे स्क्रू व केज वापरले जातात. रुग्णांवर वापरण्यापूर्वी अशा रोपणांची चाचणी अनेकदा मेंढीवर घेतली जाते. कारण तिच्या मणक्यांची रचना मानवी मणक्यांशी बरीच जुळते. मेंढी चतुष्पाद असली, तरी स्नायूंच्या ताणामुळे तिच्या कण्यावरही मुख्यतः कण्याच्या लांबीच्या दिशेनेच दाब येतो. मणके सांधले गेले की नाही, हे काही महिन्यांनंतर क्ष-किरण व सूक्ष्मदर्शकाद्वारे तपासले जाते.

तथापि मेंढीचे हाड मानवी हाडापेक्षा अधिक घन असते. त्यामुळे तिच्या मणक्यात घट्ट बसलेला स्क्रू हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धाच्या मणक्यातही तसाच टिकेल, असे म्हणता येत नाही. शिवाय एका जागचा निष्कर्ष दुसऱ्या जागी लागू पडतोच असे नाही. हाडाच्या वाढीस चालना देणाऱ्या बीएमपी-२ या प्रथिनाला प्राण्यांवरील व मानवी चाचण्यांनंतर २००२ मध्ये अमेरिकेत कमरेच्या मणक्यांसाठी मान्यता मिळाली. मान्यता नसताना ते मानेत वापरल्यावर सूज येऊन काही रुग्णांचा श्वास कोंडला. २००८ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाला त्याविषयी इशारा द्यावा लागला.

सारांश, प्राण्यांवरील चाचणी ही मानवी चाचणीची पूर्वतयारी होय. तिचा पर्याय नव्हे.